सोनेतारण आणि तारण : ख्रिस्ती माणूस नेमका कशातून सुटतो?

कुर्ला, दादर, ठाणे, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा. पाच मिनिटांत ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी दिसणारच. आणि त्याच स्टेशनाच्या जिन्यावर कधीतरी कोणीतरी हातात घडीचं पत्रक ठेवतं : ‘तुमचे तारण झाले आहे का?’ पाटी सगळ्यांना कळते, पत्रकावरचा प्रश्न बहुतेकांना कळत नाही. रविवारी नेमाने चर्चला जाणाऱ्यांनाही विचारलं तर अनेकदा उत्तर येतं, ‘मेल्यावर स्वर्गात जाणं.’ हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंही नाही.

गंमत अशी की पाटीवरचा शब्द आणि पत्रकावरचा शब्द एकमेकांना परके नाहीत. मराठी बायबल उघडलं की तारण, ऋण, खंडणी, करार, विसार, वतन हे शब्द ठायी ठायी भेटतात. सगळे पेढीवरचे आणि दस्तनोंदणीच्या कचेरीतले. मुंबईकराला ते रोजचे आहेत, तेव्हा त्यांनाच धरून आत शिरू.

## बुडणं आणि तरणं

उसना दिलेला पैसा मराठीत ‘बुडतो’, आणि तो बुडू नये म्हणून जे ठेवून घेतात ते ‘तारण’. माणूसही बुडतो, आणि त्याला बाहेर काढणं म्हणजे तारणं. ख्रिस्ती भाषेत तारण म्हणजे पापामुळे देवापासून तुटलेल्या माणसाला देवाने स्वतः पुढाकार घेऊन सोडवणं आणि पुन्हा आपल्याशी जोडून घेणं. व्याख्या एवढीच. ‘सोडवणं’ सगळ्यांच्या लक्षात राहतं. ‘जोडणं’ गळतं, आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिथून सुरू होतात.

बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात ‘सोझो’ हे एकच क्रियापद तीन ठिकाणी तीन रंगांत येतं. पाण्यावर चालायला निघालेला येशूचा शिष्य पेत्र बुडू लागतो आणि ‘प्रभू, वाचवा’ म्हणून ओरडतो, तिथे सोझो. बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली बाई येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते, तिथेही सोझो. गावाने पापी म्हणून ओवाळून टाकलेली बाई शिमोन नावाच्या परुश्याच्या, म्हणजे कर्मठ यहुदी माणसाच्या, घरात येशूच्या पायांशी रडते, आणि तो तिला म्हणतो की तुझ्या विश्वासाने तुला तारलं आहे, तिथेही तेच. मराठी भाषांतरात एकीकडे ‘वाचवा’, एकीकडे ‘बरे केले’, एकीकडे ‘तारले’ असं येतं, त्यामुळे आपल्याला ते तीन वेगळे विषय वाटतात. मूळ ऐकणाऱ्याला एकच शब्द ऐकू येत होता.

‘येशू’ या नावाचा अर्थही ‘परमेश्वर तारतो’ असाच आहे. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मुलं नारळीच्या झावळ्या हलवत ‘होसान्ना’ म्हणतात, तो जयजयकार वाटतो. मूळ हिब्रूत ती हाक आहे : ‘आम्हाला तार!’ गिरगावात, वांद्र्यात, जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत. त्यांतले कित्येक १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हाचे किंवा त्यानंतरच्या वर्षांतले. ते उभारणाऱ्यांच्या ओठांवरची हाकही हीच होती.

## कर्ज किती?

‘पाप’ म्हटलं की मराठी मनात लगेच ‘पुण्य’ येतं, आणि मग चित्रगुप्ताची वही : एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. ख्रिस्ती शिकवण या वहीत बसत नाही. तिथे पाप म्हणजे आधी नातं मोडणं आणि मग त्यातून निघणारी कृत्यं. नव्या करारातल्या पापासाठीच्या ग्रीक शब्दाचा जुना अर्थ ‘नेम चुकणं’ असा आहे. चोरी, खोटेपणा, व्यभिचार हे नेम चुकलेले बाण. मुळात धनुष्यच वाकडं झालंय, हा खरा मुद्दा.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत म्हटल्या जाणाऱ्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत याला सरळ ‘ऋण’ म्हटलं आहे : आमची ऋणे आम्हांस सोड. किती ऋण, त्याचा आकडा येशूने मत्तयच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, दिला आहे, आणि तो आकडा मांडून बघितल्याशिवाय दाखला कळत नाही. एक चाकर राजाचं १०,००० तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. सुट्टी न घेता सुमारे १,६४,००० वर्षं. आजचा रोज ५०० रुपये धरला तर ३,००० कोटी रुपये. चाकर म्हणतो, ‘जरा सांभाळून घ्या, सगळं फेडतो.’ ऐकणारे इथे हसले असणार. राजा कर्ज माफ करतो. बाहेर पडल्यावर याच माणसाला त्याचा सोबती भेटतो, तो याचे १०० दिनार देणं लागतो. आपल्या हिशेबात ५०,००० रुपये. हा त्याची गचांडी धरतो.

दोन्ही आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. पहिलं कर्ज कोणत्याही सत्कर्माने फिटण्याजोगं नाही. दुसरं क्षुल्लक नाही. ५०,००० रुपये बुडाले तर कोणाच्याही पोटात गोळा येतो. आपल्याला दुखावणाऱ्याने खरंच नुकसान केलेलं असतं, हे दाखला मान्य करतो, आणि तरीही ‘सोड’ म्हणतो.

## मग दागिना सोडवला कोणी?

पेढीवर गहाण पडलेलं मंगळसूत्र आपण ‘सोडवून आणतो’. समजा, व्याज इतकं चढलंय की घरातल्या कोणाच्याच आवाक्यात नाही. एक दिवस कोणी येऊन सगळी रक्कम भरतं, पावती घेतं, पुडीतला दागिना घरच्या माणसाच्या हातावर ठेवतं. दागिन्याने यात काय केलं? काहीच नाही. तो फक्त सोडवला गेला. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की क्रूसावर येशूने हे केलं.

मराठी बायबल यासाठी ‘खंडणी’ हा शब्द वापरतं : खंडणी भरून मिळवलेली मुक्ती. मुंबईत हा शब्द फार बदनाम झालाय. ‘खंडणीसाठी फोन’ ही बातमी वाचून मोठ्या झालेल्या पिढीला वाटतं, म्हणजे देव वसुली करतो की काय? शब्दाचा जुना अर्थ घ्यायचा : बंदिवानाला किंवा गुलामाला मोकळं करण्यासाठी भरलेली रक्कम.

आता अवघड प्रश्न : ती भरली कोणाला? हा प्रश्न पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांनाही छळत होता. तिसऱ्या शतकातला ऑरिजेन म्हणाला, सैतानाला. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे मुळीच पटलं नाही. दरोडेखोराला एवढी मोठी किंमत, आणि तीही देवाकडून? अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म म्हणाला की माणसाने देवाचा मान राखला नाही, ते देणं माणसानेच द्यायला हवं होतं पण देवच देऊ शकत होता, म्हणून देव माणूस झाला. त्याच्यानंतर आबेलारने भर दिला प्रेमावर : क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन वळतं. यांतलं एकच बरोबर आणि बाकीची रद्द, असं सगळ्या ख्रिस्ती परंपरांनी मिळून कधी ठरवलेलं नाही. उपमा ही उपमाच असते. पेढीची उपमा ‘मी स्वतःला सोडवू शकत नव्हतो’ एवढं दाखवते, आणि तिथे तिचं काम संपतं.

## करार, विसार, ताबा

‘झालं की होतंय की व्हायचंय?’ या प्रश्नावर पत्रकं वाटणारे आणि चर्चला जाणारे यांची जुंपते. नवा करार तिन्ही काळ वापरतो. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात तारण ‘झालेले आहे’. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तेच ‘होत आहे’. रोमकरांच्या पत्रात ते ‘जवळ आले आहे’, म्हणजे अजून यायचंय.

जुनी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की काय होतं, ते आठवा. करारनाम्यावर सह्या होऊन नोंदणी झाली, त्या संध्याकाळी आजोबा सगळ्यांना पेढे वाटत सांगतात, ‘आपलं घर झालं!’ प्रत्यक्षात चाळ अजून पाडलेलीही नसते. मग ट्रान्झिट कॅम्पमधली वर्षं : नळाच्या वेळा, अर्धं सामान खोक्यांत. आणि शेवटी ताबा. आजोबा खोटं बोलत नव्हते. हक्क नोंदणीच्या दिवशीच मिळाला, राहणं नंतर.

या तीन टप्प्यांना मराठी धर्मशास्त्रात तीन शब्द आहेत. देवाच्या दरबारात निर्दोष गणलं जाणं ते ‘नीतिमान ठरणं’. स्वभाव हळूहळू बदलत जाणं ते ‘पवित्रीकरण’. आणि शेवटी देवाच्या सहवासात पूर्ण होणं ते ‘गौरव’. पहिलाच टप्पा धरून बसणारा ‘माझं झालंय’ म्हणत ट्रान्झिट कॅम्पमध्ये शेजाऱ्याशी भांडत राहतो. दुसराच धरणारा रात्री झोपत नाही, कारण रोज स्वतःचे गुण मोजतो. तिसराच धरणाऱ्याला सगळी गोष्ट मेल्यानंतरची वाटते.

ताबा मिळेपर्यंत हातात काय? इथे बायबलमधला माझ्या मते सर्वांत नेमका मराठी शब्द येतो : विसार. घर घेताना विसार पावती होते. उरलेला व्यवहार पुरा करायला देणारा त्या रकमेने बांधला जातो. वरची पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल म्हणतो की पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हाही व्यापाऱ्यांचाच. आणि विसार देतो कोण, तर देव. माणसाने द्यायचा नाही, घ्यायचा आहे.

## फुकट आहे, तर मग कसंही वागलं तर चालेल?

हा आक्षेप पौलाच्या हयातीतच आला होता आणि त्याने रोमकरांच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच मांडून खोडला आहे. पण उत्तर कळायला जक्कयाची गोष्ट जास्त उपयोगी.

जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. लोकांकडून ठरल्यापेक्षा जास्त उकळणारा. येशू झाडाखाली थांबून म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. क्रम पाहा : जक्कयाने अजून एक पैसाही परत केलेला नाही. आधी पाहुणा घरात येतो, मग जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे फसवणूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक-पंचमांश द्यायचा होता. १०० ला १२०. जक्कय १०० ला ४०० देतो. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. परतफेड ही तारणाची किंमत नव्हती. पण परतफेड झालीच नसती, तर घरात कोणी आलं होतं असं कोण म्हणेल?

कृपा आणि कर्म यांवरून युरोपात चर्च फुटलं. जर्मन धर्मगुरू मार्टिन लूथरने १५१७ मध्ये वादाला तोंड फोडलं आणि त्यातून प्रॉटेस्टंट वेगळे झाले, कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्यावरचा आपला निर्णय दिला. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरच्या परंपरेतले लूथरन यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : आपण स्वीकारले जातो ते केवळ कृपेने, आपल्या गुणांमुळे नाही, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्माला लावते. मेथडिस्ट हा आणखी एक प्रॉटेस्टंट पंथ २००६ मध्ये त्यात सामील झाला. ही बातमी अजून आपल्याकडच्या पुष्कळ व्यासपीठांपर्यंत पोचलेली नाही. तिथे ‘कॅथलिक कर्माने, प्रॉटेस्टंट विश्वासाने’ हे जुनंच पालुपद चालू असतं.

## सोमवारी सकाळी काय करायचं?

कॅथलिक घरात याची एक ठरलेली वाट आहे, ती म्हणजे कन्फेशन, मराठीत प्रायश्चित्त संस्कार. आधी घरी किंवा बाकावर बसून विवेकाची तपासणी. मग फादरांपुढे गुडघे टेकून सांगायचं की शेवटचं कन्फेशन कधी झालं होतं. मग पापं, गंभीर पापांचा प्रकार आणि साधारण किती वेळा, हेही. फादर एखादी प्रार्थना किंवा कृती प्रायश्चित्त म्हणून देतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, ते पापक्षमेचे शब्द उच्चारतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पैसे लागत नाहीत. गंभीर पाप असेल तर वर्षातून निदान एकदा ते सांगणं बंधनकारक आहे. आणि ऐकलेलं थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, इतका तो नियम कडक आहे.

यात बिघडतं कुठे? पहिलं, स्वतःऐवजी दुसऱ्याची पापं सांगणं. ‘फादर, सासूबाई अशा बोलल्या की मला राग आला’ यात नव्वद टक्के सासूबाई असतात. दुसरं, ‘मी फार वाईट आहे’ असं मोघम बोलणं. मोघम पापाला मोघमच पश्चात्ताप होतो. तिसरं, एकदा क्षमा झालेलं पाप पुन्हा पुन्हा आणणं. ही भीती आहे, भक्ती नाही, आणि जाणते फादर तिथे थांबवतात. चौथं सर्वांत महत्त्वाचं : ‘सांगितलं, संपलं’ असं समजणं. चोरलेलं परत करणं कन्फेशनने टळत नाही. मालक सापडत नसेल तर तेवढी रक्कम गरिबांना द्यायची. उघडपणे दिल्याने भलतंच नुकसान होणार असेल तर नाव न सांगता पोचवली तरी चालते. पण पोचली पाहिजे.

प्रॉटेस्टंट मंडळीत पापांगीकार उपासनेत सगळे मिळून म्हणतात, आणि प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीआधी, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करायची असते. धोका तिथे वेगळा : चारशे जणांच्या आवाजात आपला आवाज सहज लपतो. त्यावरचा उपाय येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे. वेदीपाशी अर्पण आणलंय आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. जागेच्या हिश्शावरून दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसतात, हे चित्र मुंबईत काही दुर्मीळ नाही. त्यांच्यासाठी तारणाचा प्रश्न मधल्या त्या बाकांच्या रांगेत आहे.

## मेणाचा पाय

वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) चढावर दुकानांत मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात : हात, पाय, डोळा, तान्हं बाळ, कौलारू घर, अलीकडे विमानही. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रेत त्यांचा ढीग लागतो. घ्यायला येणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात. गुडघा दुखतो त्याने पाय वाहायचा, घर हवं त्याने घर. हे तारण आहे का?

लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. नऊ जण निघून जातात, एक परत येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे परक्या पंथाचा. ‘सोझो’ हे क्रियापद येशू फक्त त्याच्याबाबत वापरतो. बरे दहाही झाले होते. नवसाला हिणवायचं कारण नाही. दुखणाऱ्या पायाची हाक देव ऐकतो, असं बायबल पानोपानी सांगतं. फरक एवढाच की व्यवहार पुरा करून निघून जाणं वेगळं आणि परत वळणं वेगळं. मागे सांगितलेलं ‘जोडणं’ ते हेच.

## तारण म्हणजे धर्मांतर का? आणि बाकीच्यांचं काय?

धर्मांतराची बातमी आली की हे दोन शब्द एकत्र कालवले जातात. धर्मांतर ही समाजात आणि कागदावर दिसणारी घटना. तारण ही देव आणि माणूस यांच्यातली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ताने आपल्याला व्यक्तिशः तारलं आहे हे आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. केडगावच्या आपल्या वसाहतीला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिलं. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही हेच लागू : बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे करारनाम्याची प्रत. राहायला जावंच लागतं.

पैसे देऊन आत आणणं हे तर तारणाच्या कल्पनेलाच छेद देणारं आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचं दान पैशाने मागतो तेव्हा पेत्र त्याला फटकारतो. जे विकत घेता येत नाही, ते विकत देताही येत नाही. कॅथलिक चर्चने १९६५ च्या मिशनकार्यावरच्या दस्तऐवजात जबरदस्तीला आणि गैर मार्गाने भुलवण्याला मनाई केली आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे.

ज्याने ख्रिस्ताचं नावच ऐकलं नाही, किंवा जो शेजारी आयुष्यभर सचोटीने वागला, त्याचं काय? ख्रिस्ती उत्तर एक नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रांजळपणे देवाचा शोध घेतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ख्रिस्तामुळेच, पण त्यांच्या नकळत. अनेक इव्हँजेलिकल (शुभवर्तमानाच्या प्रसारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्या हे मान्य करत नाहीत; जाणीवपूर्वक विश्वास हवाच, असं त्या म्हणतात. जिन्यावर पत्रक देणाऱ्याची घाई त्या समजुतीतून येते, हे ध्यानात घेतलं तर त्याचा राग थोडा कमी होतो.

## मिळालेलं गमावता येतं?

प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेत नाही : देवाने धरलेला हात सुटत नाही, हे त्या परंपरेच्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेने १६१८-१९ मध्ये ठाम मांडलं. जॉन वेस्लीपासून सुरू झालेल्या मेथडिस्ट परंपरेत हो, माणूस पाठ फिरवू शकतो. कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप जाणूनबुजून केलं की कृपेचं जीवन तुटतं आणि कन्फेशनने पुन्हा जोडलं जातं. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अशा निरनिराळ्या घराण्यांची चर्चेस एका छपराखाली आली, त्यामुळे तिथे एकाच बाकावर शेजारी बसलेल्या दोघांचं मत यावर वेगळं असू शकतं, आणि दोघेही प्रभुभोजन घेतात.

## मोक्ष का म्हणत नाहीत?

कारण सुटका कशातून, याचं उत्तर वेगळं आहे. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून. तारण पापातून आणि त्याने आलेल्या मरणातून. शिवाय ख्रिस्ती माणसाला देहापासून सुटायचं नसतं. उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना ‘देहाच्या पुनरुत्थानावर’ विश्वास म्हटला जातो. म्हणून शरीर टाकाऊ नाही. आजाऱ्याची सेवा, भुकेल्याचं जेवण, वस्तीतला दवाखाना हे तारणाच्या आवाराबाहेरचे उद्योग नाहीत. आणि म्हणूनच दफनाचा आग्रह. मुंबईत जागा अपुरी, कबरी पुन्हा वापराव्या लागतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कॅथलिकांना १९६३ पासून दहनाची मुभा आहे, पण व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा समुद्रात सोडायची नाही, घरातल्या कपाटात ठेवायची नाही आणि भावंडांत वाटायचीही नाही. कलश दफनभूमीत किंवा चर्चच्या आवारात ठेवायचा.